तीन नंबरची बांधी

आमच्या टोळक्याला किस्से सांगायची सवय नव्हती, सवय होती भांडायची. किस्से त्या भांडणातूनच निघाले. एकाने म्हणायचं, असं झालंच नव्हतं. दुसऱ्याने म्हणायचं, मी या डोळ्यांनी पाहिलं. तिसऱ्याने नेमका तेव्हाच चहा सांगायचा. वर्षानुवर्षं हेच चाललं की ढीग होणारच.

भांडणाचा विषय एकच. चंद्रपूरच्या आमच्या कॉलेजने फुटबॉलचा आंतर-कॉलेज कप दोनदा आणला. एकदा सत्तरच्या दशकात, आणि एकदा गडचिरोली जिल्हा वेगळा व्हायच्या आदल्या वर्षी. या दोनांपैकी भारी टीम कोणती?

भांडणारे तिघं. वामनभाऊ कोळशाच्या खाणीत टाइमकीपर होते आणि पहिल्या कपाच्या वेळी स्वतः कॉलेजात होते. गेडाम मास्तर प्राथमिक शाळेत शिकवायचे आणि दुसऱ्या कपाच्या टीमचे भक्त होते. तिसरा मी. दुसऱ्या कपाच्या वेळी मी बी.कॉम.ला होतो. बॉल पायाशी आला की बॉलच्या आधी मी पडायचो, म्हणून कायमचा प्रेक्षक झालो. बसायची जागा ग्राउंडच्या कुंपणाला लागून असलेलं सुलोचनाबाईंचं कॅन्टीन.

वामनभाऊंच्या टीमचं सूत्र सोपं होतं. पाच गोल खायचे, सहा घालायचे. "त्याले म्हनते फुटबॉल," ते म्हणायचे. "तुमची टीम तं धानाची राखन करत होती."

गेडाम मास्तरांना हे लागायचं, कारण ते अगदी खरं होतं.

*

दुसऱ्या टीमचे कोच रामटेके सर. शिकवायचे बॉटनी, पण जीव ग्राउंडवर. सिंदेवाहीकडच्या एका खेड्यातले. आईवडील दुसऱ्याच्या शेतात रोवणीला जायचे, आणि सर स्वतः कॉलेजात येईपर्यंत चिखलातच वाढले होते.

आल्या आल्या त्यांनी काय करावं? पांढऱ्या फक्कीचा डबा घेतला आणि आमच्या गोलसमोर चार मोठे चौकोन आखले. आमच्याकडे धानाच्या शेतात मातीचे धुरे घालून असे चौकोन करतात, त्यांना बांधी म्हणतात. सरांनी बचावाच्या चार पोरांना एकेका बांधीत उभं केलं.

"ही तुमची बांधी. पानी धुऱ्यावरून गेलं तं पीक गेलं. बॉल कुठी का जाईना, आपली बांधी सोडाची नाई."

उभं कसं राहायचं तेही ते स्वतः करून दाखवायचे. गुडघ्यात थोडं वाकायचं, हात अंगापासून जरा दूर, नजर समोरच्याच्या कंबरेवर. "बॉलकडे पाहू नोको. बॉल फसवते. कंबर नाई फसवत."

आणि पोरांची नावं ते कधी घेत नसत. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर, चार नंबर. बांधीचा नंबर तोच पोराचा नंबर. पोरांच्या लग्नाच्या पत्रिका गेल्या तरी सर विचारायचे, "कोन्या नंबरचं आहे हे लग्न?"

एकदा नागपूरची टीम आली. मॅचच्या आधी त्यांचा कॅप्टन त्या चौकोनांकडे बघून म्हणाला, "ये क्या, यहाँ कबड्डी भी होती है?" रेफ्रीलाही प्रश्न पडला. एवढ्या रेघांत पेनल्टी एरिया कोणता धरायचा? त्याने रेघा पुसायला सांगितल्या.

सर म्हणाले, "पुसा. पोरायच्या पायाले ठाऊक आहे."

रेघा पुसल्या. नागपूरकर एक गोल न घालता गाडीत बसले.

*

तीन नंबर म्हणजे देवाजी मडावी. आरमोरीच्या पलीकडच्या गावचा. उंच, कमी बोलणारा. बोलला तरी आधी हसायचा आणि मग बोलायचा. आमचा स्टॉपर. सगळ्यांत अवघड बांधी त्याची, कारण समोरच्याचा सगळ्यांत चांगला खेळाडू तिथूनच घुसायचा. अख्ख्या सीझनमध्ये देवाजीने ती एकदाही सोडली नाही.

सोडली ती फायनलला.

आमच्याच ग्राउंडवर मॅच होती. दोन्हीकडे गोल नाही. शेवटची काही मिनिटं उरली होती आणि सगळे दमून गेले होते. देवाजीने एकाच्या पायातून बॉल काढला. समोर पाहिलं तर अर्धं ग्राउंड मोकळं. मागच्याला बॉल द्यायचा आणि जागेवर उभं राहायचं, हे त्याला झोपेतही येत होतं. पण तो निघाला. आम्ही आधी घाबरलो, मग ओरडलो, मग ओरडायचंही विसरलो. देवाजीने गोल घातला!

कप आमचा. लोक कुंपण मोडून आत शिरले. गेडाम मास्तर तर सुलोचनाबाईंच्या पाया पडले. काऊन, ते त्यांनाही सांगता येत नाही.

या गोंधळात सर जागेवरच होते. देवाजी लोकांच्या खांद्यावरून उतरून धावत त्यांच्याकडे गेला. मी जवळच होतो, म्हणून ऐकलं.

सर म्हणाले, "तीन नंबर, तुझी बांधी रिकामी होती."

एवढंच. नंतर कपासोबतचा फोटो निघाला. त्यात सगळे हसताहेत, आणि देवाजी कडेला उभा आहे.

दुसऱ्या दिवशी तो धानाच्या कापणीला गावी गेला. वडील आजारी पडले होते, शेत बघायला दुसरं कोणी नव्हतं. तो परत कॉलेजात आला नाही.

*

देवाजीने बांधी सोडली ते बरोबर की चूक? पुढची सगळी वर्षं आम्हाला हा धंदा पुरला.

गंमत म्हणजे पार्ट्या उलटल्या. एरवी बचावाला नावं ठेवणारे वामनभाऊ देवाजीच्या बाजूने. "त्या टीममधी एकच मानूस फुटबॉल खेळला, अन् त्यालेच बोलनी बसली." आणि देवाजीवर जीव टाकणारे गेडाम मास्तर सरांच्या बाजूने. "बॉल हुकला असता तं? मांगं कोन होतं सांगा ना, मांगं कोन होतं?"

हे समजवायला बाकावर चहाचे ग्लास मांडले जायचे. बचावाचे चार ग्लास, पुढे बाकीचे, समोर दुसऱ्या टीमच्या बश्या. इतर गिऱ्हाईक चहाची वाट बघत ताटकळायचं, कारण कॅन्टीनमधले सगळे ग्लास फायनल खेळत असायचे.

एकदा भांडण रंगात आलं होतं. मास्तर "मांगं कोन होतं" पर्यंत पोचले, आणि सुलोचनाबाईंनी मधला ग्लास उचलून बादलीत टाकला.

"बाई, तो देवाजी होता!" मास्तर म्हणाले.

"देवाजी असो का कोनी असो, धुतल्याबिगर कोनाले चहा नाई भेटत," बाई म्हणाल्या. मग जरा थांबून विचारलं, "येते का हो तो कधी इकडं? माझ्याकडचे पोहे त्याले लय आवडत होते."



*

मग जिल्हा फुटला. आरमोरी गडचिरोलीत गेली. वडसा गडचिरोलीत गेलं. गेडाम मास्तर मूळचे वडसाचे. ते दुसऱ्या दिवशी कॅन्टीनवर आले ते छाती काढूनच.

"वामनभाऊ, तीन नंबर आमचा. चार नंबरबी आमचा, तो कुरखेड्याचा. आता अर्धा कप गडचिरोलीले पाठवा."

वामनभाऊ शांतपणे म्हणाले, "नेऊन घ्या. अर्धे रामटेके सरबी नेऊन घ्या. पन अर्धे कोनते, ते तुमीच सांगा त्यायले."

मास्तरांनी सरांना सांगितलं नाही. पण पुढे बरेच दिवस ते कॉलेजच्या काचेच्या कपाटासमोर उभे राहून कप मधोमध कुठे कापता येईल ते बघत, अशी वामनभाऊंनी बातमी उठवली होती.

त्यानंतर कपाटात नवीन कप आला नाही. सर पोरांना शिकवत राहिले, पण पोरांना पुढे खेळायचं होतं, गोल घालायचे होते, पेपरात नाव यायला हवं होतं. बांधीत उभं राहायला कोणी तयार होईना. सर सकाळी फक्की आखायचे आणि नऊ वाजेपर्यंत पोरांच्या पायांनी ती पुसून जायची. आम्ही मॅचला जायचो. पण खरं सांगतो, समोर चालू असलेली मॅच आम्ही बघतच नव्हतो. आमची नजर त्या मधल्या जागेवर जायची. तिथे उंच असं कोणी उभं नसायचं.

*

एका वर्षी वामनभाऊंच्या भाचीसाठी स्थळ बघायला आम्ही तिघं आरमोरीला गेलो. स्थळ बघून झालं आणि बाजाराचा दिवस होता, म्हणून फिरलो. तिथे देवाजी भेटला. खांद्यावर दुपट्टा, हातात नवीन विळा, जरा पोट सुटलेलं. आम्हाला बघून आधी हसला.

त्याने आग्रहाने घरी नेलं. घरामागेच शेत. रोवणी झालेली, बांध्यांमधून पाणी उभं. वामनभाऊ म्हणाले, "लेका, तू तं इथीबी बांधीतच आहे."

तो हसला. चहा आला. चहा संपेपर्यंत तो इकडचं तिकडचं बोलला. मग कप खाली ठेवत, आमच्याकडे न बघता विचारलं, "सर काई म्हनते का?"

आम्हा तिघांनाही कळलं तो कशाबद्दल विचारतोय. सर त्या गोलबद्दल कधी चकार शब्द बोलले नव्हते. पण वामनभाऊंना राहवलं नाही. ते म्हणाले, "म्हनते ना. परवाच म्हनत होते, देवाजीसारखा पोरगा पुन्हा झाला नाई."

देवाजीने वामनभाऊंकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता.

"भाऊ," तो म्हणाला, "सर देवाजी म्हनतच नाई."

परतीच्या एसटीत कोणी भांडलं नाही. मला देवाजीची इतकी कणव आली होती, की सरांना जाऊन विचारावं असं वाटलं. पण आमच्यापैकी कोणाची तेवढी छाती नव्हती.

*

ऐंशीचं दशक संपता संपता सर रिटायर झाले. कॉलेजने समारंभ ठेवला. शाल-श्रीफळ, प्राचार्यांचं भाषण, आणि त्यानंतर मॅच: कप आणणारी जुनी टीम विरुद्ध चालू पोरं.

सकाळी मी लवकर ग्राउंडवर गेलो तर सर एकटेच फक्कीने बांध्या आखत होते. स्वच्छ पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, आणि गुडघ्यापर्यंत फक्की उडालेली. मी डबा धरू का विचारलं. ते नाही म्हणाले.

देवाजी पहिल्या एसटीने आला. सोबत घरच्या तांदळाची थैली. ती त्याने सरांच्या खुर्चीशेजारी ठेवली आणि वाकून नमस्कार केला. सर म्हणाले, "तीन नंबर, वजन वाढलं." तो हसून आपल्या बांधीत जाऊन उभा राहिला. सुलोचनाबाई कॅन्टीन बंद करून कुंपणापाशी आल्या होत्या.

चालू पोरं चपळ होती. जुन्यांना अर्ध्या तासातच धाप लागली. पण बचावाचे चौघं आपापल्या बांधीतून हलले नाहीत. पोरं येत, अडकत, परत जात. गेडाम मास्तर रडत होते आणि घाम पुसतोय असं दाखवत होते. "पाहा," ते म्हणत होते, "पाहा, पाहून घ्या." वामनभाऊ पहिल्यांदाच त्यांना काही उलटं बोलले नाहीत.

शेवटची मिनिटं आली. दोन्हीकडे गोल नाही.

देवाजीने एका पोराच्या पायातून बॉल काढला आणि मान वर केली. समोर अर्धं ग्राउंड मोकळं होतं.

तो निघाला नाही. फक्कीच्या रेघेपाशी बॉलवर पाय ठेवून उभा राहिला, आणि त्याने खुर्चीकडे पाहिलं.

सर उठले. गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला. रेघ ओलांडून सरळ ग्राउंडमध्ये शिरले. रेफ्री त्यांचाच जुना विद्यार्थी, त्याची शिट्टी तोंडातच राहिली. चालू पोरंही थांबली. सर चालत चालत तीन नंबरच्या बांधीत आले.

"जा देवाजी," ते म्हणाले. "मी उभा आहे इथी."

देवाजी गेला.

गोल झाला की नाही यावर वामनभाऊ आणि गेडाम मास्तर अजून भांडतात. आम्ही कोणीच तिकडे बघत नव्हतो. सर गुडघ्यात थोडे वाकले होते, हात अंगापासून जरा दूर होते.