नागली आधी कोण पेरणार?

दिंडोरी मागे पडली, द्राक्षबागा संपल्या आणि एसटी सुरगाण्याच्या वाटेवर चढणीला लागून कण्हू लागली. शेजारच्या बाईंनी विचारलं, "कुठं निघाल्या?" म्हटलं, "नागली, म्हणजे नाचणी बघायला." त्या अशा पाहू लागल्या, जणू मी गवत बघायला निघालेय! पण मला खरंच कुतूहल होतं. आमच्या पापडवाल्या मावशी म्हणाल्या होत्या, डोंगरातली जुनी हळवी (लवकर पिकणारी) नागली आता फक्त यमुनाबाई पेरतात. का बरं? आणि बाकीच्यांना पेरा म्हटलं तर पेरतील का?

यमुनाबाई उतारावरच्या तुकड्यात गोफण घेऊन उभ्या होत्या. भोवती सगळीकडे स्ट्रॉबेरीचे वाफे. नमस्कार-चमत्कार झाल्यावर मी तोऱ्यात विचारलं, "हे वाण तुम्ही राखाल का?"

"राखतेय की बाई! सकाळधरनं वरडून घसा बसला," म्हणत त्यांनी पाखरांच्या थव्यावर धोंडा भिरकावला.

माझं राखणं म्हणजे बियाणं टिकवणं, त्यांचं राखणं म्हणजे पाखरं हाकणं! मला हसू फुटलं. मग कणसं हातात घेतली, तर अर्धी पोकळ.

"पयले सगळ्यांचीच हळवी होती, तवा पाखरं वाटून खायची," त्या म्हणाल्या. "आता माझ्या एकटीची आधी पिकते. सगळा थवा माझ्याच दारी. पुढल्या सालीबी एकटीच राहिले, तर सोडून देईन. मग बी बुडालं का बुडालं."

दुपारी त्यांनी नागलीची गरम भाकर, उडदाची आमटी आणि ठेचा वाढला. काय चव हो! पोळीची आठवणसुद्धा झाली नाही.

जेवून मी त्यांचे दीर काशिनाथ यांच्या वाफ्यावर गेले आणि हळवी नागली पेराल का, असं विचारलं. "नाय कशाला म्हणू? भाकर आमालाबी गोड लागते," ते म्हणाले. "पण आधी शेजारच्या तुकारामला पेरू द्या. एकट्यानं पेरून पाखरं पोसू काय?"

ओहोळापलीकडे तुकाराम भेटले. "काशिनाथ पेरतो का? त्यानं पेरली का मी हायेच!"

आधी तू, आधी तू! माझं डोकंच फिरलं. मी बेधडक थाप मारली, काशिनाथ तयार आहेत म्हणून. परतताना काशिनाथांना सांगितलं, तुकाराम तयार आहेत. आणि बिंग फुटायच्या आत परतीची एसटी पकडली.

काढणीनंतर यमुनाबाईंचा फोन आला. "ताई, दोघंबी बी मागाया आले. दोघंबी म्हणतात, दुसरा पेरतोय म्हणून मी पेरतो. मग पयला कोन?"

मी जीभ चावली. "त्यांनी एकमेकांना विचारलं नाही ना?"

"इचारलं की! लय हसले. पण बी घेऊन गेले."

मी आनंदानं ओरडलेच. मग एकदम ती पोकळ कणसं डोळ्यांपुढे आली. "यमुनाबाई, दोघांना बी पुरलं कसं?"

"खायाची ठेवली होती, ती दिली."

"आणि वर्षभर तुम्ही भाकर कशाची खाणार?"

"रेशनचा तांदूळ हाय की! एक साल भाकर नसली तर काय होतंय?"

शेतकरी तयार आहेत का, असं नाशकात आता कोणी विचारलं की मी हो म्हणते.  थाप मारायला माझं काय गेलं? भाकर गेली ती यमुनाबाईंची.