अठरा पावलं

भोईवाड्याच्या मागच्या वाडीत एक जुनं कौलारू चर्च आहे. पन्नास माणसं बसली की एकावन्नाव्याने ओट्यावर उभं राहायचं, एवढंच. आजूबाजूला वाफे आणि विहिरी होत्या तेव्हाचं ते. वीस वर्षं सुंदराबाई ते झाडतात. त्या बौद्ध, चर्च त्यांचं नव्हे. पण फरशी मात्र त्यांची. ती ओली असताना फादरसुद्धा आत यायला बिचकतात.

सुंदराबाई संशयी आहेत हे वाडीला ठाऊक आहे, पण तो संशय उगाच आलेला नाही. डिलाईल रोडला त्यांची चाळ होती. एकदा बिल्डरचा एक गोडबोल्या गॅलरीतून पावलं मोजत फिरला, त्यांच्याच घरचं पाणी प्यायला, आणि वर्षभरात चाळ पाडली. नवं घर अजून कागदावरच आहे. तेव्हापासून त्या चर्चमागच्या खोलीत राहतात. आता वाडीतली निम्मी घरंही बिल्डरने घेतली होती. ही खोली गेली तर जायचं कुठे, या विचाराने त्यांना धड झोप लागत नसे.

म्हणून त्या बुधवारी एक म्हातारा दारापासून पावलं मोजताना दिसला आणि त्यांचा झाडू थांबला. खिडकीखालच्या एकट्या बाकाला हात लावून तो दाराशी परत गेला, पुन्हा मोजू लागला.

"कोण पाहिजे?"

"कोण नाय. बसतो जरा. मी दौलत, लालबागचा."

बसायला आलेला माणूस मापं कशाला घेईल? आणि छपराखाली काळा चष्मा कशाला? पुढच्या बुधवारी तर त्याने भिंत चाचपली. जाडी बघतोय मेला. त्यांनी फादरच्या कानावर घातलं, तर फादर हसले.

मग त्यांनीच पदर खोचला. मंगळवारी तो बाक ओढून दोन हात दाराकडे आणला. घे आता माप, असं म्हणून भलत्याच खूश झाल्या.

बुधवारी दौलत आले, मान वर ठेवून सरळ चालले आणि सोळाव्या पावलाला बाकावर आदळून खाली बसले. चष्मा हातभर अंतरावर पडला होता. ते भलतीकडेच फरशी चाचपत होते.

सुंदराबाईंनी झाडू टाकला. "दिसत नाय तुम्हाला?"

"उजेड दिसतो. काचबिंदू. डॉक्टर बोलला, तो पण जाणार." त्यांनी गुडघा चोळला. "माझी बायको गंगू दर बुधवारी हितं मेणबत्ती लावून या बाकावर बसायची. मी हसायचो तिला. आता ती नाय. म्हटलं, डोळे आहेत तोवर वाट पाठ करू. अठरा पावलं होती. चुकलो कुठेतरी. परत पहिल्यापासून मोजायला लागणार."

ती मेणबत्तीवाली बाई सुंदराबाईंना आठवली. त्यांनी चष्मा पदराने पुसून दौलतच्या हातात दिला. गप्प राहिल्या असत्या तर कुणालाच कळलं नसतं.

"तुम्ही नाय चुकला. बाक मी सरकवला. मला वाटलं, बिल्डरचा माणूस."

दौलत बाकाला धरून उठले. मग म्हणाले, "होता तिथे ठेवा परत. मी आज पुन्हा मोजून बघतो."

आता झाडून झालं की सुंदराबाई स्वतः दारापासून मोजतात. त्यांची पावलं लहान, बावीस भरतात. एकवीसच भरली तर बाक मागे ढकलतात. बुधवारी दौलत आले की त्या झाडू टेकवून उभ्या राहतात आणि त्यांच्याबरोबर मनात मोजतात. अठराला त्यांचा हात बाकावर पडला की पुन्हा कामाला लागतात.