व्याह्यांपेक्षा एक पायरी खाली

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. मुलगी विचारायची, "बाबा, नानांनी तो गेम एकाएकी का सोडला?" मी म्हणायचो, "वय झालं." नाना म्हणजे तिचे सासरे, माझे व्याही. वय माझंही झालं होतं, पण मी खेळत होतो.

दीपनगरच्या वीज केंद्रातून निवृत्त होऊन मी जळगावात राहायला आलो. नाना शिंदखेड्याचे, त्यांची पिठाची गिरणी होती. लॉकडाऊनमध्ये आम्ही दोघंही धुळ्याला मुलीला सारखे फोन करायचो. कंटाळून तिने दोघांच्या मोबाईलवर एक गोळीबाराचा गेम घालून दिला. चौघांची तुकडी, त्यातले दोन अनोळखी गडी गेमच जोडून द्यायचा, एक मोठं बेट, शेवटी जी तुकडी उरेल ती जिंकली. तेव्हापासून जेवणं झाली की दोन म्हातारे विमानातून उड्या मारू लागले.

गिरणीमुळे नानांचे कान गेलेले, त्यामुळे आवाज मोठा. एकदा ते ओट्यावर बसून खेळता खेळता फोनवर मला म्हणाले, "आबा, बठ्ठा मरी गयात, मी एकलाच शे." सगळे मेले असं ऐकून समोरच्या दोन बाया डोक्यावर पदर घेऊन सांत्वनाला आल्या. नानांनी त्यांना हातानेच बसा म्हटलं आणि बेटावरच्या झाडामागे लपून राहिले.

या खेळात दर्जे असतात. ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड आणि त्यावरही बरेच. जिंकलं की गुण वाढतात, हरलं की कापले जातात. आपल्यापेक्षा भारी माणसाला हरवलं तर जास्त मिळतात, हलक्याकडून हरलं तर जास्त जातात. शिवाय गेम आपल्याबद्दल एक आकडा मनात ठेवतो. तो कधी दाखवत नाही, पण समोर कोणाला उभं करायचं ते त्यावरून ठरवतो.

"म्हणजे सोयरीक जुळवणाऱ्यासारखं," मी म्हणालो.

"हो बाबा, फक्त याला मानपान कळत नाही," मुलगी म्हणाली.

कंट्रोल रूममध्ये जन्मभर एकाच वेळी मीटरच्या ढीगभर काट्यांवर नजर ठेवलेली, त्यामुळे मला खेळ जमला. मी गोल्ड झालो, नाना सिल्व्हरच राहिले. डाव सुरू होण्याआधी तुकडी पडद्यावर उभी राहते. तिथे मी सोन्याचा बिल्ला लावून पुढे, आणि लग्नात ज्यांचे पाय धुतले ते मुलाकडचे व्याही चांदी लावून माझ्या मागे. मला अन्न गोड लागेना. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, नानांनी घरच्या भरल्या पंगतीत फोन स्पीकरवर ठेवून सांगितलं, "आमचे आबा गोल्ड आहेत." मला तो टोमणा वाटला.

मग मी हरायला लागलो. एकटाच खेळायचो आणि उघड्या मैदानात जाऊन उभा राहायचो. पण जसजसा हरलो तसतसे समोर कच्चे खेळाडू येऊ लागले, आणि त्यांना उभा माणूसही मारता येईना. एकाला तर मीच चार पावलं जवळ जाऊन मदत केली. शेवटी इतका खाली गेलो की गेमने सूचना दिली: तुमच्या दोघांच्या दर्जात फार अंतर आहे, एकत्र खेळता येणार नाही. लग्नात जे कोणी तोंडावर बोललं नव्हतं, ते मोबाईल बोलला.

"आबा, ब्रॉन्झमध्ये काय करताय?" नानांनी विचारलं.

"तब्येत बरी नव्हती," मी म्हणालो, आणि पुन्हा जिंकत गोल्डपर्यंत वर आलो.

मग ठरवलं, सोबत खेळतानाच थोडं थोडं हरायचं. पण तुकडी हरली की गुण सगळ्यांचेच कापतात. मान द्यायला मी पायऱ्या उतरत होतो आणि नानांचं धोतर माझ्या हातात होतं.

गेमच्या हंगामाचा शेवटचा दिवस आला. हंगाम संपला की सगळ्यांना खाली ढकलतात. नानांना गोल्डसाठी एकच डाव हवा होता, मलाही गोल्ड टिकवायला तेवढाच. ते मुलीला म्हणाले होते, "एकदा आबांच्या बरोबरीने उभा राहिलो की झालं. मग गेम गेला खड्ड्यात." मुलीने ते मला सकाळीच सांगितलं. मला वाटलं, बरोबरी म्हणणं हा त्यांचा मोठेपणा, मुलीच्या बापाने बरोबरीला बसू नये.

शेवटी नाना आणि मी उरलो, समोर एकच गडी. तो नानांच्या पाठीमागच्या भिंतीआडून येत होता. माझा नेम अगदी पक्का होता. पण शेवटची गोळी व्याह्यांनी मारावी, जास्तीचे गुण त्यांना मिळावेत, म्हणून मी थांबलो. पंगतीत पहिला घास त्यांनी घ्यावा म्हणून थांबतात तसा. पावलं वाजत होती. नानांना ती ऐकू आली नाहीत. ते पडले आणि लगेच मीही पडलो.

फोनवर नाना हळू बोलले. इतकं हळू ते कधी बोलत नसत. "माझ्या कानांनी घात केला आबा. माझ्यामुळे तुमचंही गेलं." त्यांनी गेम काढून टाकला.

पुढे प्रवास सुरू झाल्यावर मी धुळ्यावरून शिंदखेड्याला गेलो, मी मुद्दाम थांबलो होतो, फक्त एवढंच सांगायला. नानांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः खाटेवर बसले. चहा झाला. मी सुरुवात केली, "नाना, त्या शेवटच्या डावात..."

त्यांनी हात जोडले. "ते नका काढू आबा. चूक माझी होती. मनावर घेऊ नका."

मुलाकडच्या माणसाने माझ्यापुढे हात जोडले होते. आता खरं सांगावं तर त्यांचे जोडलेले हात वाया जाणार, आणि शिवाय मी त्यांना मुद्दाम जिंकवत होतो असं होणार. मी घोटभर पाणी प्यालो.

"असू द्या नाना," मी म्हणालो. "होतं असं कधी कधी."