लिहून दिलेली साक्ष

"फ्रॉक काढ."

सरांच्या बायकोने, म्हणजे आमच्या बाईंनी, हे अंगणात सांगितलं. सगळ्या मुलींसमोर. मी नऊ वर्षांची. अंगावरचा पिवळा फ्रॉक आईने नाताळसाठी हाताने शिवलेला. बाईंनी दानाच्या पेटीतून एक बगलेत उसवलेला फ्रॉक काढला आणि माझ्याकडे फेकला. "बाहेरून पाहुणे आलेत. हाच घाल. केस विंचरू नकोस."

मी आईकडे पाहिलं. धारच्या त्या ख्रिस्ती वसतिगृहात ती स्वयंपाक करायची. आमची राहायची खोलीही त्यांचीच. आई म्हणाली, "घाल गं." एवढंच.

मग सरांनी मला स्टेजवर नेलं. सर म्हणजे मंडळीचे, आमच्या चर्चचे, सेक्रेटरी. तीन पिढ्यांचे ख्रिस्ती, पांढरा शर्ट, गोड गळा. माझ्या डोक्यावर हात ठेवून ते पाहुण्यांना म्हणाले, "इसके घर में मरे हुए ढोर का मांस पकता था. बाप शराबी. प्रभु ने इसे कीचड़ से उठाया."

माझा बाप देवासच्या कारखान्यात फिटर होता. दारूला कधी शिवला नाही. काविळीने गेला. माझ्या आजाने ओढली असतील मेलेली ढोरं. गावाने ओढायला लावली म्हणून ओढली. ती लाज गावाची. पण माझ्या बापाला दारुडा करायचा हक्क सरांना कोणी दिला?

पाहुण्यांचे डोळे भरले. टाळ्या पडल्या.

याला ते साक्ष म्हणायचे. प्रभूने आपल्या आयुष्यात काय केलं ते माणसाने आपल्या तोंडाने सांगायचं, ती साक्ष. माझी साक्ष सर लिहून द्यायचे. दर वर्षी. मी पाठ करायची. पंधराव्या वर्षापर्यंत मलाच वाटायला लागलं की बाप पीत असेल. त्याचा चेहरा आठवला की वास यायचा दारूचा. जो कधी नव्हताच.

मी नर्स झाले. देवासला नोकरी लागली. तरी दर वर्षी बोलावलं की जायची. आई त्यांच्या खोलीत राहत होती ना. पण सगळा दोष खोलीवर ढकलत नाही. टाळ्यांची मलाही चटक लागली होती. देवाचं नाव घेऊन मी स्वतःच्या बापाची बदनामी करत होते आणि त्यालाच विश्वास समजत होते.

मग आईला तोंडाचा कॅन्सर झाला. गालाला भोक पडलं. खोलीबाहेरपर्यंत वास यायचा. मला सुट्टी मिळेल तेव्हाच धारला जाता यायचं. सर एकदा आले. दाराशीच उभे राहिले, नाकाला रुमाल. "दुःख ही परीक्षा असते," म्हणाले. दोन मिनिटं प्रार्थना केली. फोटो काढला. संध्याकाळी मंडळीच्या ग्रुपवर आला: आजाऱ्यांची भेट.

आईची जखम धुतली ती रेशमीबाईने. भिलाला आदिवासी बाई. मांडूची इमली, म्हणजे गोरखचिंच, टोपल्यातून विकायला धारला यायची. आई तिला स्वयंपाकघराच्या दारात पाणी द्यायची, भाजी चिरता चिरता येशूच्या गोष्टी सांगायची. त्या ऐकून तिने विश्वास धरला. सरांनी तिचा बाप्तिस्मा दोनदा नाकारला. कारण दहा आज्ञा पाठ नव्हत्या. ती बाई सकाळच्या पहिल्या बसने यायची. मिठाच्या पाण्याने जखम पुसायची, कपडा बदलायची, चमच्याने पेज भरवायची. मी विचारलं, "बाई, तू इतना क्यों करती है?"

ती म्हणाली, "अकेली पड़ी है. और क्या करूँ?"

आई गेली तेव्हा डोकं रेशमीबाईच्या मांडीवर होतं. मी ड्यूटीवर होते.

त्याच वर्षी देवासला मंडळीचं संमेलन भरलं. सरांनी माझ्या हातात कागद दिला. साक्ष तीच. खाली एक ओळ नवी: "माझ्या आईच्या आजारात मंडळीने दिवसरात्र सेवा केली."

मी ती ओळ पुन्हा वाचली. माइकसमोर उभी राहिले. कागदाची घडी केली.

"माझा बाप दारू पीत नव्हता," मी म्हणाले. "इतकी वर्षं मी इथे खोटं बोलले. मला लिहून दिलं ते बोलले. माझ्या आईची जखम मंडळीने धुतली नाही. ज्या बाईने धुतली, तिला तुम्ही बाप्तिस्मा देत नाही."

सर उठले. "माइक बंद करा!"

माइक बंद झाला. मागून बापाच्या कारखान्यातला कुणीतरी ओरडला, "अरे भिया, बोलने दो उसको!" मला माइक लागत नाही. मी वॉर्डात ओरडून बोलते. सरांकडे बोट दाखवून म्हणाले, "हे दाराशी उभे राहिले. नाकाला रुमाल लावून. आणि फोटो काढून गेले."

"कृतघ्न," सर म्हणाले. "खाली उतर."

मी उतरले. डोक्यात स्वच्छ होतं सगळं. बाप आठवला. त्याला कसलाही वास नव्हता.

आठवड्याने कमिटीचं पत्र आलं. लेखी माफी मागा, नाहीतर सभासदत्व रद्द. मग सरांच्या बाई घरी आल्या. "ख्रिस्ती माणूस क्षमा करतो," म्हणाल्या. "तुझ्यात प्रेमच नाही."

"क्षमा मागितली कुणी?" मी विचारलं.

त्या चहा न पिता गेल्या.

माफी मी लिहिणार नाही. मंडळीही सोडणार नाही. त्यांना तेच हवंय, मी आपणहून जावं. मी रेशमीबाईच्या बाप्तिस्म्याचा अर्ज लिहिलाय. तिचा अंगठा, माझी सही. नाकारला तर पुन्हा देईन. पुन्हा नाकारला तर पुन्हा. येशू यांच्या तीन पिढ्यांची जहागीर नाही. दर रविवारी मी जाणार, रेशमीबाईला शेजारी बसवणार. आम्हाला बाहेर काढायचं असेल तर दंडाला धरून काढावं लागेल. भर उपासनेत. सगळ्यांच्या देखत.