पुढे आई, मागे मी

माझ्या पॉइंट्समध्ये लंडन ते टोकियोची इकॉनॉमीची शेजारशेजारची दोन तिकिटं बसत होती, किंवा फर्स्ट क्लासचं एक. ऑफिसचे दौरे आणि क्रेडिट कार्ड यांतून विमान कंपनीकडे बरीच वर्षं साठलेले पॉइंट्स होते ते. एका पॉइंटचं मोल काढून बघितलं, तर फर्स्ट क्लासमध्ये ते दुपटीच्याही वर जात होतं. असल्या हिशेबात मी सहसा चुकत नाही. फर्स्ट क्लासचं तिकीट आईच्या नावानं काढलं आणि स्वतःसाठी इकॉनॉमीचं विकत घेतलं.

टोकियोला माझी धाकटी बहीण असते. तिला मुलगी झाली होती आणि आईला नात बघायची होती. बाबा गेल्यापासून आई दर वर्षी व्हिजिटर व्हिसावर आमच्याकडे, लंडनजवळ बेसिंगस्टोकला येते. आली की फार तर सहा महिने राहते, मग पुण्याला परत. या वेळी आल्यापासून तिला माझ्याशी काहीतरी बोलायचं होतं. सकाळी मी ट्रेनच्या गडबडीत, संध्याकाळी लॅपटॉपसमोर. शनिवारी ती माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहायची. मी हेडफोन काढायचो, तर म्हणायची, "चालू दे तुझं." मग एकदा तिनं स्वतःच तोडगा काढला. "विमानात बोलू. तिथनं तू कुठं पळणार?"

हे ती म्हणाली त्यानंतर चार-पाच दिवसांनी मी तिकिटं काढली. तेव्हा हा क्रम माझ्या लक्षात आला नाही. निदान मी तसं समजत होतो.

बायकोला सांगितलं, तर तिनं एवढंच विचारलं, "आईंना विचारलंस?"

"सरप्राइज आहे."

"त्यांना सरप्राइज आवडतं, हे तुला कोणी सांगितलं?"

मी म्हटलं, आयुष्यभर त्या बाईनं एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून प्रवास केलाय, एकदा तरी पाय पसरून जाऊ दे. यात खोटं काही नव्हतं.

हीथ्रोवर चेक-इनला आमच्यापुढे रांगच नव्हती, तेव्हा आईला संशय आला. "माझी सीट कुठं?"

"अगदी पुढे. दार असलेली खोलीच आहे, बघ तू."

"आणि तुझी?"

"मागे."

"किती मागे?"

"बरीच."

तिनं बोर्डिंग पास डोळ्यांपासून लांब धरून बघितला. "मग बोलायचं कसं?"

"अगं, पलंग मिळणार आहे तुला! झोप मस्त."

"पलंग काय घरी नाही?" ती म्हणाली आणि पास पर्समध्ये ठेवून दिला.

तिच्या तिकिटावर मलाही लाउंजमध्ये जाता आलं. आमच्या हातात चांगला दोन तासांचा वेळ होता. खिडकीशी दोन खुर्च्या मिळाल्या. आईनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "हे बघ, मी असं ठरवत होते की..." मी म्हटलं, थांब, आधी तुझ्यासाठी चहा आणतो. चहाबरोबर बशीत दोन-तीन पदार्थ आणले, त्यांतलं शाकाहारी कोणतं ते विचारून आलो. मग फोनवर सीटचा व्हिडिओ लावून तिला सगळं समजावलं, पाठ कुठल्या बटणानं मागे जाते, दार कसं सरकतं, बेल कुठे आहे. ती प्रत्येक वेळी मान डोलवत होती. शेवटी म्हणाली, "झालं? आता जाहिरात बंद कर." तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. घेतला नसता तरी चाललं असतं.

विमानात मला मधली सीट मिळाली होती. दोन्ही बाजूंना कोपर टेकायला जागा नाही, समोर कागदी डब्यात करी-राइस. आणि मला बरं वाटत होतं. आई सुखात असेल म्हणून, हे झालं वरवरचं. खरं कारण हे, की आता चौदा तास मला कोणी काही विचारणार नव्हतं. आपण सुटलो असं वाटतंय, हे कळलं तेव्हा हातातला चमचा मी खाली ठेवला. मी कशातून सुटलो होतो? तिला काय बोलायचंय, याचा अंदाज मला होता. पुण्याच्या घरी ती एकटी असते. ती म्हणेल की असं किती दिवस, आणि मग मला काहीतरी उत्तर द्यावं लागेल. तिला कायमचं इथे आणायचं तर व्हिसाचे नियम आडवे येतात, हे उत्तर माझ्याकडे तयार होतं. नियम नसते तर मी काय म्हटलं असतं, याचं उत्तर नव्हतं.

जेवण झाल्यावर उठून पुढे गेलो. पडद्याशी एका हवाईसुंदरीनं मला अडवलं. इतकी वाकून माफी मागितली की मलाच लाजल्यासारखं झालं. मागच्या प्रवाशांना पुढे जाता येत नाही, पण मी बघून येते, म्हणाली. परत आली ती हसत. "तुमच्या आई अगदी ठीक आहेत. त्या बोलत आहेत."

"कोणाशी?"

"माझ्या सहकारी मुलीशी."

आईला इंग्रजी येत नाही, असं मी सांगितलं. ती म्हणाली, "हो, ते आमच्या लक्षात आलं."

टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरलो, तर आई दाराच्या पुढेच उभी होती. शेजारी एक लहानखुरी जपानी मुलगी, आईची पिशवी हातात धरून. मी दिसताच आईनं त्या मुलीच्या चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. मुलगी कमरेत वाकली. आम्ही बरेच पुढे गेलो तरी ती वाकलेलीच होती.

"झोपलीस का?"

"जरा आडवी झाले. गादी छान होती हो."

"आणि तिच्याशी काय बोलत होतीस?"

"सगळं."

"कुठल्या भाषेत?"

"मराठीत. मला दुसरी कुठली येते?"

"तिला काय कळणार, आई?"

"कळायला कशाला हवं? ऐकत होती ना. गुडघ्यांवर बसली होती, मी म्हटलं ऊठ गं, पाय दुखतील, तर उठेना. म्हटलं, बसलीच आहेस तर ऐक. मधे एकदासुद्धा चहा आणायला पळाली नाही."

मी म्हटलं, "मला सांग ना आता."

"आता पासपोर्ट काढ."

बाहेर बहीण घ्यायला आली होती. मोनोरेलमध्ये दोनच जागा मिळाल्या. त्या दोघी बसल्या आणि मी सामान धरून दाराशी उभा राहिलो. तिथून मला ऐकू येत नव्हतं, नुसतं दिसत होतं. आई बोलत होती, बहीण तिचा हात धरून ऐकत होती. मग बहिणीनं डोळे पुसले आणि माझ्याकडे बघितलं. मी बॅगा ओढत त्यांच्यापाशी गेलो.

"दादा, तुला हे माहीत होतं?"

"काय?"

आई सरळच म्हणाली, "मी आता बेसिंगस्टोकला येणार नाही. माझी मैत्रीण आहे ना, तिनं नि मी मिळून पुण्यातच ज्येष्ठांच्या निवासात एक खोली बघितलीय. तुझ्याकडे होते तेव्हा तुला विचारायचं होतं, घेऊ का म्हणून. आता विचारत नाही, सांगतेय. मला इथूनच मुंबईला जायचंय. परतीचं तिकीट बदलता येईल का?"

"बदलता येतं," मी म्हणालो. "थोडी फी लागते."

हेच तोंडातून आलं. नको जाऊस, किंवा जा, सुखानं राहा, यातलं एकही वाक्य आलं नाही. मला तिकिटाचे नियम पाठ होते.

"फी मी देईन," आई म्हणाली.

मी मोठी बॅग आडवी केली आणि तिच्यासमोर त्या बॅगेवर बसलो. आमचे गुडघे एकमेकांना लागत होते. "आई, मला पहिल्यापासून सांग."

"आता काय सांगायचंय? ठरलं की."

"तरी सांग. मी ऐकतो."

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. मग बहिणीचा हात थोपटून म्हणाली, "तू सांग गं याला. माझं बोलून झालंय."