मंदावन्संनी शिकवलेला नेम

माझ्या नणंदेने मला मारायला शिकवलं.

प्राणी. एअरगनने. माझ्या वयाच्या बासष्टाव्या वर्षी.

मंदावन्संना जाऊन आज एक वर्ष झालं. गणपतीला शंभर माणसांचा मसालेभात एकहाती करणाऱ्या वन्सं तुम्हा सगळ्यांना माहीत आहेत. या दुसऱ्या फार थोड्यांना माहीत होत्या.

वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. जन्मभर भूलतज्ज्ञ. रिटायर झाल्यावर पेनसिल्व्हेनियात झाडीतलं घर घेतलं, रीतसर शिकारीचं लायसन्स काढलं आणि सीझनमध्ये खारी मारायला लागल्या. इथल्या खारी आपल्याकडच्यासारख्या मूठभर नसतात, चांगल्या दणकट असतात. वन्सं त्यांचा तिखट रस्सा करायच्या.

मला ते क्रूर वाटायचं. तसं बोललेही.

“तू चिकन खातेस ना शैला? ती कोंबडी कशी मेली, सांग बघू.”

मी दुकानाचं नाव सांगितलं.

“मला माझी सांगता येते,” त्या म्हणाल्या.

त्या एका वाक्यावर मी कोर्स केला, परीक्षा दिली, लायसन्स काढलं. ‘हे’ आठवडाभर हसत होते.

छर्रे मात्र मी माझ्या अकलेने आणले. टोकदार, हलके, डब्यावर मोठ्या अक्षरांत वेग छापलेला. मी कॉन्व्हेंटमधली मुलगी. छापलेलं आहे म्हणजे खरंच असणार!

वन्संनी डबा चष्म्याजवळ धरला. “पॅकिंग बघून घेतलेस? साड्यासुद्धा अशाच घेतेस वाटतं?”

मग पंचवीस पावलांवर कागद लावला आणि पाच जातींचे पाच-पाच छर्रे मला मारायला लावले. माझे टोकदार कागदभर पसरले. जरा जड, गोल डोक्याच्या छर्ऱ्यांची पाचही भोकं एका क्वार्टरच्या, म्हणजे पाव डॉलरच्या नाण्याखाली झाकली गेली.

“डबा काहीही बोलेल. या नळीला काय पटतं ते कागद सांगतो. आणि जेवढ्या लांबून पाचातले पाच नाण्याखाली येतात, तेवढंच तुझं अंतर. त्यापुढची खार तुझी नाही.”

नेम कुठे धरायचा, हे शिकवताना त्या पुन्हा डॉक्टर व्हायच्या. डोळा आणि कान यांच्या मधे, किंचित कानाकडे. पण तो ठिपका मनात धरायचा नाही. मेंदू आत कुठे आहे ते बघायचं. खारीने मान वळवली की बाहेरची जागा बदलते, आतली नाही.

“सुई टोचताना मी कातडीकडे बघत नव्हते गं. कातडीच्या आत बघत होते.”

सगळं पाठ होतं मला. तरी चुकले.

ऑक्टोबर होता. खार ओकच्या फांदीवर स्थिर होती, मी चाप ओढला आणि त्याच क्षणी ती वळली. मागच्या बाजूला लागलं. ती खाली पडली आणि मागचे पाय ओढत झुडपात गेली.

मी तिथेच रडायला लागले.

“रडणं नंतर,” वन्सं म्हणाल्या. “आधी शोध.”

पाऊण तास आम्ही दोघी, इतर शिकाऱ्यांना दिसावं म्हणून घातलेल्या नारिंगी टोप्यांत, पानांत गुडघ्यांवर शोधत होतो. सापडली एका पडलेल्या ओंडक्याखाली. श्वास चालू होता. मी गन त्यांच्यापुढे धरली.

त्यांनी घेतली नाही. “तू सुरू केलंस. तू संपव.”

मी संपवलं. मग त्यांनी एक बारीक काडी घेऊन हलकेच तिच्या बुबुळाला लावली. पापणी हलली नाही. “आता हिला काही कळत नाहीये,” त्या म्हणाल्या. ऑपरेशन थिएटरबाहेर नातेवाईकांशी बोलताना असाच असेल त्यांचा आवाज.

परत जाताना खार माझ्याच हातात दिली. मला ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढे त्या आजारी पडल्या. हॉस्पिटलमध्ये मी त्यांना सांगितलं, “वन्सं, मी सोडते हे. मला नाही जमणार.”

“सोड की. कोण अडवतंय? पण चुकलेला नेम शेवटचा ठेवून सोडू नकोस.”

दहा दिवसांनी त्या गेल्या.

हे वर्षभर दर दुसऱ्या शनिवारी मी पार्सिपनीच्या आमच्या घरून दोन तास ड्राइव्ह करून त्यांच्या घरी गेले आहे. कागद, नाणं, पाच छर्रे. बसून, उभ्याने, झाडाला टेकून. उभ्याने माझे तीनच येतात, म्हणून मी उभ्याने मारणार नाही, हे ठरलं. तिथे आता त्यांची मुलगी रेवा राहते. ती व्हीगन. खिडकीतून बघायची.

आज सकाळी पुन्हा शिकारीला गेले, तिथल्याच झाडीत.

पहिली खार जवळच आली, पण तोंड पानांआड. गन खाली घेतली. दुसरी सारखी हलत होती. पुन्हा खाली. हात गार पडले होते, खांदा भरून आला होता. मनात आलं, एवढ्याने काही बिघडणार नाही, मार एकदाची.

नाही मारली.

तिसरी वीस पावलांवर आली, आक्रोड घेऊन बसली, एका बाजूने पूर्ण दिसत होती. मी झाडाला टेकलेली. वाट बघितली. ती खायला लागली. अजून वाट बघितली. मग आत बघितलं आणि चाप ओढला.

आक्रोड तिच्याआधी खाली पडला.

मी लगेच दुसरा छर्रा भरून गेले. काडीने डोळा तपासला. दोनदा.

वन्संच्या घरी परत आले तर रेवा दारात. “मामी, डिड इट सफर?”

“नाही.”

“आर यू शुअर?”

“हो. तपासलंय मी.”

तिने दार पूर्ण उघडलं. मग म्हणाली, “आईपण एवढंच विचारायची पेशंटबद्दल. मी खाणार नाही हां. बट आय विल सिट विथ यू.”

आम्ही दोघी जेवायला बसलो. मी रस्सा-भात, तिने वरणभात, बिनतुपाचा.

मी सोडणार नाहीये. रेवाला सांगितलं, ती “ओके” म्हणाली.

वन्सं, तुमच्या भावजयीचा तुम्हाला वाकून नमस्कार. शांत झोपा.