तिन्ही फोन एकाच कंपनीचे

मंडळी, हे आधी वाचा.

भातकुलीत घरोघरी फिरून मी तिन्ही मोबाइल कंपन्यांची रेंज मोजली, वहीत लिहिली आणि घरातले तिन्ही फोन पहिल्या आलेल्या कंपनीवर नेले. आज दुपारी बायकोच्या छातीत कळ आली, आणि नेमका त्याच कंपनीचा टॉवर बंद!

शेजारचे सलीमभाई धावत आले. त्यांची कंपनी माझ्या वहीत शेवटची.

"भाऊ, वही ठेवा बाजूले, हा घ्या फोन!"

त्यांच्याच फोनवरून गाडीवाल्याला बोलावलं. बायको आता अमरावतीच्या दवाखान्यात आहे, बोलते आहे.

पण माझं ऐकून गल्लीतल्या अकरा घरांनी सगळे फोन त्याच कंपनीवर नेलेत. कृपा करून, एक तरी फोन आजच दुसऱ्या कंपनीवर न्याल का?